कार्बोरेटरखालचा तुकडा

शनिवारी सकाळी अकरा वाजता इस्फहानच्या इस्पितळात तुरानच्या डाव्या डोळ्यात सुई द्यायची होती, आणि आमची गाडी तिला तिथवर नेईल की नाही, हे सोमवारपर्यंत मला सांगता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात गाडीने तिला वेळेवर नेलं नव्हतं. आम्ही काशानहून निघालो, नतंझचा चढ चढलो, वर चहाच्या दुकानापाशी थांबलो. चहा पिऊन परत आलो आणि किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हत राहिलं. पन्नास मिनिटं. टळटळीत ऊन होतं. तुरान डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून मागच्या सीटवर पडली होती. शेवटी काळा धूर सोडत गाडी सुरू झाली, पण आम्ही पोहोचेपर्यंत डॉक्टर दुसऱ्या कामाला लागले होते. ते म्हणाले, एक सुई चुकली तर मी काहीतरी करू शकतो. दुसरी चुकली तर त्या डोळ्याची आशा धरू नका.

बसमध्ये तिला उलट्या होतात, आणि सुईनंतर उलटी अजिबात होता कामा नये. परक्या माणसाच्या टॅक्सीत मागे आडवं होऊन यायला ती तयार नव्हती. राहिली आमची गाडी. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी घेतलेली, पेट्रोलची, चार दारांची, पांढरी. तीस वर्षं मी शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आणि या गाडीतून फारतर भाकरीच्या भट्टीपर्यंत नाहीतर कब्रस्तानापर्यंत गेलो. इतक्या लांब, इतक्या उन्हात तिला कधी पळवलीच नव्हती.

मी वही केली होती. मला दुसरं काही जमत नाही, नोंदी करणं जमतं. सकाळी थंड असताना गाडी एका फिरकीत सुरू होते. गरम असताना बंद करून लगेच फिरवली तरी होते. पंधरा-वीस मिनिटांनी फिरवली तर होत नाही. तासाभराने होते, काळ्या धुरासकट. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला तर ठिणगी चांगली निळी पडते. पेट्रोलचा वास येतो. या सगळ्याखाली मी लिहिलं होतं, ‘पेट्रोल कमी पडत नसावं, जास्त होत असावं.’ मग त्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं, आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण वाक्य खोडलं.

खोडलं, कारण ज्या तीन मिस्त्रींकडे गेलो ते तिघंही उलट सांगत होते. उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते, इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात जुनी गाडी अडली की लहान मूलही हेच सांगतं. पहिल्याने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. दुसऱ्याने नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले, ओळीने अकरा. तिसऱ्याने फडकं बदललं आणि आणखी चार चिमटे लावले. गाडी होती तशीच राहिली.

“आता हेश्मतकडे जाऊ,” तुरान म्हणाली.

हेश्मत तिचा धाकटा भाऊ. ती त्याला दादाश म्हणते, तो तिला आबजी, म्हणजे ताई. काशानमध्ये कार्बोरेटरमधलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणतात. युद्धात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हापासून तो गाडी चालवत नाही, फक्त दुरुस्त करतो. त्याचा आणि माझा नऊ वर्षं अबोला होता.

या घराण्यात अबोला जपून ठेवतात. तुरानच्या वडिलांनी आणि काकांनी तो चौदा वर्षं पाळला. एका लग्नात दोघं एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून जेवले. जो आधी बोलेल तो हरला. काही सांगायचंच असेल तर मधल्या माणसाकरवी सांगायचं, आणि मधल्या माणसाने ते गोड करून पोहोचवायचं, अशी रीत आहे.

आमच्या अबोल्याचं कारण मी होतो. नऊ वर्षांपूर्वी एका शुक्रवारी घरी वीस माणसं जेवायला होती. त्याआधी हेश्मतने सकाळभर खपून माझा कार्बोरेटर साफ करून बसवला होता. मी गाडीचं पुस्तक घेऊन बाहेर गेलो आणि म्हणालो, कार्बोरेटरखाली हा जाड तुकडा बसवलाय तो पुस्तकात दिसत नाही, दुसऱ्या कुठल्या गाडीचा तर नाही ना? मी नुसतं विचारलं, असं मला आठवतं. तुरान म्हणते, मी पान काढून मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोन पाहुणे हसले. हेश्मतने पाना उचलला, कार्बोरेटर पुन्हा उतरवला, तुकडा काढला, पुस्तकात होतं तसं सगळं बसवून दिलं, तो तुकडा जेवणाच्या चादरीवर माझ्या ताटाशेजारी टाकला आणि न जेवता निघून गेला.

तर सोमवारी आम्ही त्याच्या गल्लीत गेलो. मी गाडी त्याच्या दुकानासमोर लावली, बॉनेट उघडलं आणि समोरच्या बाजूला मश्दी सफरच्या दारात जाऊन उभा राहिलो. मश्दी सफर गळके रेडिएटर झाळतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, दिवसभर मीठ लावून काकड्या खातो आणि गल्लीतल्या प्रत्येकाला टोचून बोलतो.

“इरज आगा,” गाडीच्या उघड्या तोंडात डोकावून तो म्हणाला, “ही गाडी आहे की कपडे वाळत घालायची दोरी?”

मी हसलो. माझ्या काखेत पुस्तक होतं. ते घरी ठेवून यायला हवं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं.

हेश्मत लंगडत बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे मी जिथे होतो ती जागा त्याने नजरेतून गाळली. तो तुरानशी बोलला. ती रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

“दादाश तुमची तब्येत विचारतोय,” ती म्हणाली, “आणि सकाळी गाडी कशी सुरू होते, तेही.”

“एका फिरकीत.”

ती गेली. ती परत आली. “गरम असताना?”

मी वहीतलं सांगितलं. ती गेली. हेश्मतने काहीतरी विचारलं आणि विचारताना आपला चांगला पाय जमिनीवर धपाधप आपटून दाखवला, पायडल दाबल्यासारखा. मश्दी सफर खदखदून हसला. तुरान आली.

“दादाश म्हणतोय, गाडी सुरू करताना तुम्ही फार दमत असाल.”

“असं म्हणाला?”

“साधारण असंच.”

हेश्मतने चिमटे पाहिले, फडकं पाहिलं, मग हवा गाळायच्या डब्याचं झाकण काढलं आणि वाकला. तो बराच वेळ वाकून राहिला. मग पान्याने कार्बोरेटरच्या बोल्टांवर टकटक केली, दोनदा, आणि तसाच वाकलेला राहून बहिणीला काहीतरी म्हणाला. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग रस्ता ओलांडला.

“दादाश विचारतोय, सगळे भाग जागेवर आहेत ना?”

“सगळे,” मी म्हणालो. “पुस्तकात आहेत तसेच. त्याला सांग, मी एक-एक ताडून पाहिलाय.”

हे तिने जसंच्या तसं सांगितलं, कारण तिला यात गोड करण्यासारखं काही वाटलं नाही. हेश्मत सरळ झाला. त्याने बॉनेट एवढ्या जोरात आपटलं की मश्दी सफरच्या हातातली काकडी खाली पडली.

“मग पुस्तकाला सांग सुरू करून द्यायला,” तो म्हणाला. हे मात्र सबंध गल्लीने ऐकलं. “आणि आबजी, पुन्हा या माणसाला घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. तू ये. हजारदा ये.”

घरी येताना मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. पण ते मला नेहमीच वाटतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी टेबलाशी बसून पुन्हा वही उघडली. तुरानने चहा आणून दिला. मी पेला नेहमीच्या जागी ठेवला, आणि ठेवल्यावर माझा हात तिथेच थांबला. टेबलाला डाग पडू नयेत म्हणून पेला मी एका तपकिरी तुकड्यावर ठेवतो. तळहाताएवढा, बोटभर जाड, कडक, मध्ये मोठं भोक, दोन कडांना दोन लहान भोकं. नऊ वर्षं मी चहा त्यावर ठेवत आलो होतो. तो हेश्मतचा तुकडा होता. फेकून द्यायचा धीर झाला नव्हता आणि परत द्यायचाही.

मी खोडलेलं वाक्य पुन्हा वाचलं. पेट्रोल जास्त होत असावं. गाडी चढ चढून तापते. चालू असते तोवर पंखा फिरतो, थंड पेट्रोल येत राहतं. बंद केली की इंजिनाची सगळी धग वर चढते, थेट कार्बोरेटरच्या वाटीत. वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि उतू जाऊन इंजिनाच्या घशात पडतं. पंधरा-वीस मिनिटांत इंजिन बुडतं. त्यावर मी पायडल आपटून त्याला आणखी पाजतो. तासाभराने ते सुकतं. त्या इंजिनाच्या आणि वाटीच्या मध्ये काहीतरी हवं, धग अडवणारं, जाड. पुस्तकात ते नव्हतं. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे असं ऊन नसेल.

“तुरान,” मी हाक मारली. “हेश्मतने आज शेवटी नेमकं काय विचारलं?”

“सांगितलं ना. भाग जागेवर आहेत का.”

“नेमकं.”

ती दारात उभी राहिली. “‘विचार त्यांना, माझी वस्तू कुठल्या उकिरड्यावर फेकली,’” ती म्हणाली. “झालं समाधान? नऊ वर्षं तुमच्या दोघांच्या शिव्या गोड करून करून माझी जीभ चिकट झालीय. जसंच्या तसं सांगितलं असतं तर तुम्ही केव्हाच एकमेकांची डोकी फोडली असती.”

मी तिच्यावर रागावलो नाही. रागवायचा हक्क मला होता की नाही, हेच मला ठरवता येईना.

मंगळवारी मी गाडी घेऊन एकटाच गेलो. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. पुस्तक घरी ठेवलं. म्हणायचं वाक्य रस्ताभर पाठ केलं.

हेश्मत एका मालवाहू गाडीखाली आडवा झाला होता. त्याला माझे बूट दिसले असणार, कारण आतला ठोकण्याचा आवाज थांबला.

“मश्दी,” तो खालूनच म्हणाला, “कुणी आलंय का?”

मश्दी सफर हात पुसत रस्ता ओलांडून आला. “आलंय. तुझ्या बहिणीचा नवरा. आज एकटाच. ढाल घरी ठेवून आलाय.”

“मश्दी,” मी म्हणालो, “उस्ताला सांगा, तो तुकडा माझ्याकडे आहे. मी चुकलो होतो.”

“हेश्मत, हे म्हणतायत तुझा माल यांनी चोरला होता आणि आता झोप लागत नाही.”

“मी चोरला असं म्हटलं नाही.”

“तुम्ही अर्धवट बोलता, इरज आगा. मी पुरं करतो.”

गोड करणारा मधला माणूस मी आयुष्यभर पाहिला होता. तिखट करणारा पहिल्यांदाच पाहत होतो. हेश्मत गाडीखालून सरकत बाहेर आला, भिंतीला धरून उभा राहिला आणि मश्दी सफरकडे बघत म्हणाला, “मला काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी मात्र वीस माणसांना ऐकू आलं होतं.”

“वीस आता कुठून आणू?” मश्दी सफर म्हणाला. तरी तो गेला, आणि त्याने एका रिकाम्या रेडिएटरवर हातोडीने दणादण बडवलं. टायरवाला आला, सीटची कव्हरं शिवणारा आला, भाकरी घेऊन चाललेले दोघं थांबले. सात-आठ झाले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. ग्रंथालयात मी ‘शांतता राखा’ हेसुद्धा पाटीवर लिहून ठेवलं होतं.

“नऊ वर्षांपूर्वी,” मी म्हणालो, “उस्ता हेश्मतने माझ्या गाडीत जे बसवलं ते बरोबर होतं. मला ते कळलं नाही. कळत नसताना मी वीस माणसांत पुस्तक वाचून दाखवलं आणि त्याला खोटं पाडलं. आता माझ्या बायकोचा डोळा जायची वेळ आलीय, ती माझ्यामुळे.”

शेवटी आवाज गेला. मागून कुणीतरी विचारलं, “काय म्हणाले?”

“मी गाढव आहे, म्हणाले,” मश्दी सफरने सांगितलं.

या वेळी मी दुरुस्ती केली नाही.

मी खिशातून पुडी काढून पुढे केली. हेश्मतने ती माझ्या हातून घेतली नाही. मश्दी सफरने घेतली आणि त्याच्या हातात दिली. हेश्मतने कागद उलगडला, तुकडा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वरच्या अंगावर गोल डाग होते, एकात एक, नऊ वर्षांचे.

“हे काय आहे?” त्याने विचारलं. कुणाला, ते कळेना.

“चहा,” मी म्हणालो.

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. “नऊ वर्षं तू माझ्या कामावर चहाचा पेला ठेवलास?”

टायरवाल्याने मश्दी सफरला कोपर मारलं.

“बोलला,” मश्दी सफर हळूच म्हणाला.

“मी बोललो नाही,” हेश्मत म्हणाला. “मी शिवी दिली. जा आपापल्या कामाला.”

मग त्याने काम केलं. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून तुकडा दोन्ही अंगांनी घासला, पट्टी लावून सपाट झाल्याची खात्री केली. डाग निम्मे गेले. पातळ कागदी पॅकिंग कापलं, एक वर, एक खाली. कार्बोरेटर उतरवला, बोल्टांवर रचलेले वायसर काढून टाकले, तुकडा बसवला, आणि बोल्ट नेमके पुरले. ते बोल्ट नऊ वर्षं बोटभर वर आलेले माझ्या डोळ्यांसमोर होते. मग त्याने चिमटे एकेक काढून रस्त्यावर टाकले आणि पंपावरच्या फडक्याने हात पुसले.

“मश्दी, सांग त्यांना, गावाबाहेरच्या चढापर्यंत पळवून आणायची. तापली पाहिजे. तू बरोबर बस, नाहीतर हे सावलीतून चालवतील.”

आम्ही तापवून आणली. मी गाडी बंद केली. मश्दी सफरच्या दुकानातल्या घड्याळात पावणेबारा झाले होते. बारा पाचपर्यंत थांबायचं होतं. हेश्मतने चहा मागवला, एक स्वतःला, एक मश्दी सफरला. मला विचारलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या कर्जवसुलीवाल्यालाही चहा विचारतात. मी उन्हात उभा राहिलो आणि ते दोघं माझ्यासमोर चहा प्यायले, सावकाश, खडीसाखर दातात धरून. पायडल आपटण्याचा विषय निघाला. आणखी बरेच विषय निघाले. सगळे माझ्याबद्दलचे.

बारा पाचला हेश्मत म्हणाला, “फिरवा म्हणावं. आणि पाय जमिनीवर ठेवायचा. पायडलवर नाही.”

मी फिरवली. अर्ध्या फिरकीत लागली. मी बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा लागली. खिडकीतून मी आभार मानायला लागलो, पण तो पाठ फिरवून त्या मालवाहू गाडीखाली शिरत होता.

“मश्दी,” खालून आवाज आला, “शनिवारी नतंझला थांबायचं, सांग. वीस मिनिटं. तिथे स्वतः तपासून घ्या म्हणावं. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नाही.”

शनिवारी पहाटे पाचला निघालो. चढ संपला. चहाचं दुकान आलं. मी वेग कमी केला नाही. थांबलोच नाही तर बिघडायचा प्रश्न नाही, असा माझा विचार होता.

“थांबा,” मागून तुरान म्हणाली.

“वेळेवर पोहोचणं महत्त्वाचं.”

“घरी गेल्यावर दादाश विचारेल, थांबलात का. तेव्हा मी खोटं बोलणार नाही. आता कुणासाठी काही गोड करायचं नाही, असं ठरवलंय मी. थांबा.”

थांबलो. चहा प्यायलो. मला चव कळली नाही. तुरान एका हाताने डावा डोळा झाकून उजव्याने माझ्या घड्याळाकडे बघत होती. वीस मिनिटं झाली. मी गाडीत बसलो, पाय जमिनीवर ठेवला, आणि किल्ली फिरवली.

साडेअकराला तुरान डोळ्यावर पट्टी लावून बाहेर आली. सुई वेळेवर झाली होती. पुढचं डॉक्टर महिन्याने सांगणार होते. इस्पितळाच्या पायऱ्यांवर तिचा फोन वाजला. ती बराच वेळ ऐकत होती. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

“दादाश आहे. तुमची खुशाली विचारतोय.”

“तुरान.”

तिने उसासा टाकला. “‘ते पुस्तकी गाढव पोहोचलं का,’ असं विचारतोय.”

“सांग,” मी म्हणालो, “पोहोचलं. नतंझला थांबून.”